मॉनिटरचा उजेड शंभरावर ठेवू नका, आणि रात्री भिंतीवरचं बटण लगेच बंद करू नका

मंडळी, आज विषय जरा वेगळा आहे. रस्ता नाही, पाणी नाही, जेटी नाही. मॉनिटरचा विषय आहे. पण आता देवबाग-तारकर्लीपासून आचऱ्यापर्यंत गावागावात घरी कॉम्प्युटरवर बसून पोट भरणारी पोरं-पोरी आहेत. कुणी पुण्याच्या कंपनीचं काम करतं, कुणी लग्नाचे अल्बम, कुणी स्कुबाचे व्हिडिओ. त्यातल्या चार-पाच जणांनी गेल्या दोन महिन्यांत मला विचारलं, "दादा, ओएलईडी घेऊ काय?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी एक खुलासा. आपल्याकडे नुसतं 'एलईडी' म्हटलं की डोळ्यासमोर येतात त्या रात्री समुद्रात लख्ख दिवे पेटवून मासळी ओढणाऱ्या बोटी. केंद्र सरकारने २०१७ सालीच त्या मासेमारीवर बंदी घातली, तरी पारंपरिक मच्छीमारांचं भांडण काही संपलेलं नाही. तो मोठा विषय, त्यावर पुन्हा कधी. आज ज्या ओएलईडीबद्दल बोलतोय तो पडदा आहे. दिवे कमी करा एवढं मात्र दोन्हीकडे सांगावं लागतं.

आता माझी गोष्ट. दीड वर्षापूर्वी मी २७ इंची ओएलईडी मॉनिटर घेतला. ६५ हजार रुपये, हप्त्यावर. घरात आवशीला किंमत निम्मी सांगितली. माझं बरंचसं काम स्कुबावाल्यांचं. पाण्याखालचं चित्रण सगळं निळं-हिरवं, त्यात सावल्या, प्रवाळ, मध्येच चमकून गेलेला मासा. साध्या मॉनिटरवर हे गढूळ दिसायचं. ओएलईडी लावला आणि पहिल्या दिवशी खरं सांगतो, कामच केलं नाही, जुने व्हिडिओ बघत बसलो. काळा म्हणजे काळाकुट्ट, निळा म्हणजे आपल्या किल्ल्यामागच्या पाण्याचा निळा.

यंदा पावसाच्या आधी एकदा आवस चहा घेऊन आली. व्हिडिओ संपून पडदा राखाडी झाला होता. ती म्हणाली, "अरे, तुझी ती खालची पट्टी जायना कशी? काच पुसूक व्हयी." मी बघितलं. खाली टास्कबारची पट्टी, तिच्यातल्या चौकोनांसकट. वर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची चौकट. डावीकडे फोल्डरांची रांग. सगळं बंद केलं तरी सगळं तिथेच, सावलीसारखं. काच पुसली. दोनदा पुसली. काचेवर नव्हतंच ते.

याला बर्न-इन म्हणतात. नाव ऐकून वाटतं पडदा जळला. जळत काही नाही, झिजतं. ते कसं ते समजून घेतलं तर पुढचं सगळं आपोआप कळेल.

आपला नेहमीचा मॉनिटर असतो एलसीडी. त्यात मागे एक दिवा लागलेला असतो आणि पुढचे ठिपके फक्त खिडकीच्या झडपांसारखे उघडतात-मिटतात. ओएलईडीत मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो. ज्या पदार्थातून तो उजेड निघतो तो सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रसायनांचा. १९८७ साली कोडॅक कंपनीतल्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कमी व्होल्टेजवर चालणारा असा दिवा करून दाखवला, तिथून हे सगळं आलं. काळ्या जागी ठिपका चक्क विझलेला असतो, म्हणून तो काळा इतका खरा. पण जो ठिपका पेटतो तो पेटल्या-पेटल्या थोडाथोडा म्हातारा होत जातो. त्यात निळा सगळ्यात आधी दमतो. (आणि माझा धंदा सगळा निळ्याचा. नशीब बघा.)

देवळाच्या चिऱ्याच्या पायऱ्या बघितल्यात ना? मधोमध झिजलेल्या, कडेला धारदार. सगळे मधूनच जातात म्हणून. सगळी पायरी सारखी झिजली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पडद्याचं तेच आहे. टास्कबार रोज दहा तास एकाच जागी उभा, वरची टॅबची पट्टी एकाच जागी, कंपनीचा लोगो एकाच जागी. तिथले ठिपके शेजाऱ्यांपेक्षा वेगळे झिजतात आणि तो फरक डोळ्याला डाग म्हणून दिसतो. एखादी छाया थोड्या वेळाने आपोआप गेली तर ती बर्न-इन नव्हे, तात्पुरती ओढ आहे, घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशीही तशीच दिसली तर मात्र ती आता तिथली रहिवासी झाली समजायचं.

पन्नाशीच्या लोकांना हे नवीन नाही. जुन्या डब्बा मॉनिटरवर, रेल्वेच्या तिकीट खिडकीत, बँकेत, बंद पडद्यावरही अक्षरं दिसायची. स्क्रीन सेव्हर नावाचा प्रकार त्याच्यासाठीच होता. मध्ये एलसीडी आले, आपण ते विसरलो. आणि विसरलेल्या सवयी घेऊन ओएलईडीसमोर येऊन बसलो.

मी काय चुका केल्या ते लपवत नाही.

पहिली, उजेड शंभरावर. दुकानात तसा होता, घरीही तसाच ठेवला. आता इथे एक हिशेब आहे जो कुणी सांगत नाही. ओएलईडीत उजेड दुप्पट केला की झीज दुप्पट होत नाही, दुपटीहून जास्त होते. म्हणजे शेवटचे वीस-तीस टक्के उजेड फार महाग पडतात. उजेड मोजायचं माप आहे निट. कॉम्प्युटरच्या रंगांचं जे सर्वमान्य प्रमाण आहे, एसआरजीबी, ते ८० निटला धरून बनवलंय. फोटो-छपाईवाले साधारण ८० ते १२० वर काम करतात. दिवसा उजेडाच्या खोलीत १५०, फार तर २०० पुरतात. माझा मॉनिटर शंभर टक्क्यांवर २५०च्या आसपास जातो. म्हणजे मी दीड वर्ष गरजेच्या दुप्पट उजेडात बसलो, आणि वर संध्याकाळी डोळे चुरचुरतात म्हणून गुलाबपाणी घालत होतो!

माप घ्यायला यंत्र नको. कोरा पांढरा कागद घ्या, पडद्याच्या बाजूला धरा, पडद्यावर कोरं पान उघडा. दोन्ही सारखे पांढरे दिसले पाहिजेत. पडदा ट्यूबलाइटसारखा दिसत असेल तर उजेड जास्त आहे. कागद पडद्यापेक्षा उजळ दिसत असेल तर थोडा वाढवा. सकाळी एकदा, दिवे लागल्यावर एकदा. झालं काम. माझा आकडा आता दिवसा ४५ आणि रात्री २५ आहे. तुमचा वेगळा येईल, माझा चिकटवू नका. आणि एचडीआर नावाचं बटण सिनेमा बघतानाच चालू करा, एक्सेलचा तक्ता बघायला त्याची गरज नाही.

दुसरी चूक, खोली. आमचं घर किनाऱ्याजवळ, खिडकी पश्चिमेला. दुपारी तीननंतर वाळू आणि पाणी दोन्हीकडून जो उजेड आत येतो तो तुम्हाला सांगायला नको. मी त्या उजेडाशी मॉनिटरने भांडत होतो. सूर्याशी भांडून कोण जिंकलंय? उपाय होता शंभर-दीडशे रुपयांचा. टेबल फिरवायचं, म्हणजे खिडकी समोर नको आणि पाठीमागेही नको, बाजूला हवी. आणि खिडकीला बांबूचा पडदा. खोलीतला उजेड कमी झाला की पडद्याचा आपोआप कमी करावासा वाटतो.

आणि इथेच विचार करायला लावणारी गोष्ट. ओएलईडीला जादा पैसे आपण कशाचे देतो? काळेपणाचे. पण भर उजेडाच्या खोलीत तो काळा दिसतच नाही. क्यूडी-ओएलईडी जातीच्या पॅनलांत तर बाहेरचा उजेड पडला की काळा जरा जांभळट-राखाडी होतो, कारण परतीचा उजेड अडवणारा थर त्यात नसतो. म्हणजे खळ्याकडे उघडणाऱ्या पडवीत टेबल टाकून दिवसभर काम करणाऱ्याने ओएलईडी घेणं म्हणजे पाऊस लागणाऱ्या भिंतीला भारीतला रंग काढण्यासारखं आहे. त्याला चांगला आयपीएस एलसीडी पुरे. निम्म्याहून कमी पैशात येतो. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? बहुतेक तरी ओएलईडीच घेतला असता, माझं कामच तसं आहे. पण खोली आधी नीट केली असती.

तिसरी चूक सगळ्यात मोठी, आणि ती आपल्या जिल्ह्यात जवळजवळ प्रत्येक घरात होते. भिंतीवरचं बटण.

ओएलईडी मॉनिटरला स्वतःची देखभाल करावी लागते. काही तास वापर झाला, बऱ्याच मॉनिटरांत चार तास, की तो पिक्सेल रिफ्रेश मागतो. पडदा झोपलेला असताना तो आतल्या आत प्रत्येक ठिपक्याची तपासणी करतो आणि कुठला किती झिजलाय त्याप्रमाणे विजेचा हिशेब बदलतो, म्हणजे फरक डोळ्याला जाणवत नाही. याला पाच-दहा मिनिटं लागतात. पण त्यासाठी मॉनिटरला वीज लागते! पडदा काळा, पण मागे वायरीत वीज चालू. आणि आपण काय करतो? काम झालं की कॉम्प्युटर बंद, लगेच भिंतीवरचं बटण बंद, वर प्लगही काढायचा. दीड वर्षात माझ्या मॉनिटरची ही देखभाल किती वेळा पूर्ण झाली असेल देव जाणे.

बटण आपण उगाच बंद करत नाही, हेही खरं. वळवाच्या पावसात आणि पुन्हा परतीच्या पावसात जी वीज कडाडते, त्यात किती जणांचे टीव्ही, राउटर गेलेत ते आपल्याला माहीत आहे. व्होल्टेज कधी दिवा मंद करणारं, कधी पंखा उडवणारं. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा कितीतरी वाड्यांनी किती दिवस अंधारात काढले ते विसरणं शक्य नाही. त्यामुळे "रात्रभर प्लग लावून ठेवा" हे पुस्तकातलं वाक्य मी इथे कुणाला सांगणार नाही. आपल्याकडे ते चालणारं नाही.

मधला मार्ग असा. काम झालं की मॉनिटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा. मग जेवायला जा. जेवून आल्यावर भिंतीवरचं बटण बंद करा. एवढंच. गडगडायला लागलं आणि घाई असेल तर प्लग काढा, पण दुसऱ्या दिवशी मॉनिटरच्या मेनूत जाऊन ओएलईडी केअर किंवा पॅनल केअर अशा नावाखाली पिक्सेल रिफ्रेश असतो, तो हाताने चालवा. मॉनिटर यूपीएसवर असेल तर उत्तम, मध्येच लाइट गेली तरी ते काम अर्धवट राहत नाही. त्याच मेनूत मोठा रिफ्रेशही असतो, तो तासभर चालतो. तो रोज-रोज मात्र चालवायचा नाही, यंत्राने मागितला तरच.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. टास्कबार आपोआप लपेल असं ठेवा. पाच मिनिटं हात लागला नाही तर पडदा बंद व्हावा असं ठेवा. डेस्कटॉपचं चित्र काळं, आयकॉन कमीत कमी. डार्क मोड चालत असेल तर चालू. काम एकाच सॉफ्टवेअरचं असेल तर आठवड्याने खिडक्यांची मांडणी उलटी करा. मागच्या जाळीवर कपडा टाकू नका, गरम पॅनल लवकर झिजतं. धुळीसाठी आवस माझ्या मॉनिटरवर ओढणी घालायची, बंद असताना ठीक, चालू असताना नको.

इथपर्यंत माझ्या चुका. आता दुसऱ्या बाजूकडे येतो.

दुकानात मॉनिटर पूर्ण उजेडावर लावलेला असतो, वर समुद्रातले मासे आणि परदेशातले डोंगर फिरत असतात. कारण शेजारी दहा पडदे आहेत आणि गिऱ्हाइकाचा डोळा जास्त चमकणाऱ्याकडे जातो. ते मी समजू शकतो, धंदा आहे. पण मी विचारलं होतं, "रोज दहा तास काम करणार आहे, चालेल ना?" उत्तर आलं, "बिनधास्त!" बर्न-इन हा शब्द कुणाच्या तोंडातून आला नाही. डाग पडल्यावर फोटो पाठवले. आठ दिवसांनी कळवलं की हे वॉरंटीत बसत नाही. वॉरंटीचं कार्ड काढून बघितलं तर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, स्थिर चित्रामुळे पडलेल्या खुणा वगळून. दुकानाचं आणि कंपनीचं नाव इथे घेत नाही, ते प्रकरण चालू आहे.

पण हे बघा, काही कंपन्यांनी त्यांच्या काही ओएलईडी मॉनिटरांवर बर्न-इनसकट तीन वर्षांची वॉरंटी जाहीर केलेली आहे. म्हणजे देता येते. देश बदलला, मॉडेल बदललं की अटी बदलतात, म्हणून जाहिरातीवर विसंबू नका. घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, "बर्न-इन वॉरंटीत आहे की नाही?" आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. मराठीत. लिहायला तयार नसेल तर तेच उत्तर समजा.

कायदा आपल्या बाजूने आहे हेही माहीत असू द्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूच्या गुणवत्तेची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क म्हटलाय. तक्रार जिथे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे करता येते, मॉनिटर मुंबईहून ऑनलाइन आला असला तरी मुंबईला जायची गरज नाही. आपल्यासाठी ओरोस. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून बघा. पुष्कळ जण म्हणतात, "आम्ही धंद्यासाठी घेतला, आम्ही ग्राहक कसले?" चुकीचं आहे. स्वतःच्या मेहनतीने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. एकट्याने घरी एडिटिंग करणारा पोरगा त्यात बसतो.

माझी केस जिंकेन की हरेन सांगता येत नाही. समोरचे म्हणणार, तुम्ही शंभर टक्के उजेड ठेवला. मी म्हणणार, शंभरचा आकडा तुम्हीच दिलाय, शंभरावर ठेवू नका असं कुठे लिहिलंय? गाडीच्या स्पीडोमीटरवर १८० असतं म्हणून कुणी १८०ने जात नाही हे खरं, पण गाडी चालवायला शिकवतात तरी. इथे साधं पत्रक मराठीत नाही.

आता थोडं सार्वजनिक. ग्रामपंचायती, शाळा, दवाखाने, होमस्टे यांच्यासाठी सांगतो, कारण तिथे खर्च होतो तो आपलाच पैसा किंवा आपल्या माणसांचा. सीसीटीव्हीचा पडदा, नंबर दाखवणारा पडदा, रिसेप्शनवरचा दरपत्रकाचा पडदा, दिवसभर बातम्यांची पट्टी फिरणारा टीव्ही, यातलं काहीही ओएलईडी घेऊ नका. चित्र हलत नाही तिथे तो पडदा टिकणार नाही. "सगळ्यात भारीतला घ्या" असं म्हणणारा एक तरी सभासद प्रत्येक समितीत असतो, त्याला हे वाचून दाखवा. एलसीडी अमर असतो असंही नाही. कॅनडातल्या आरटिंग्ज नावाच्या चाचणी संस्थेने २०२२पासून शंभर टीव्ही महिनोन्महिने चालवून बघितले, त्यात ओएलईडींवर डाग पडले तसे पातळ एलसीडींचे मागचे दिवेही गेले. म्हणून शाळेतल्या टीव्हीवरही तो 'व्हिविड' मोड आधी बंद करा. पोरांच्या डोळ्यांनाही बरं.

२२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्ही-मॉनिटरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. दिवाळी, गणपती आले की ऑफरी येतात, हप्ते शून्य टक्क्याने मिळतात. म्हणून आत्ताच लिहितोय.

माझ्या मॉनिटरचे अजून सहा हप्ते बाकी आहेत. नवीन पॅनल बसवायला सांगितलेली किंमत नव्या मॉनिटरच्या जवळ जाते, म्हणून त्याच्यावरच काम चाललंय. रंग शेवटी एकदा जुन्या एलसीडीवर तपासून घेतो, कारण पट्टीच्या भागात निळा जरा पिवळसर येतो आणि गिऱ्हाइकाला समुद्र पिवळा देऊन चालणार नाही. गेले तीन महिने उजेड ४५, खिडकीला पडदा, आणि जेवण झाल्यावर बटण. डाग गेला नाही, तो जाणारही नाही. पण वाढलेला नाही, दर पंधरा दिवसांनी राखाडी पडद्याचा फोटो काढून ठेवतोय.

ज्यांच्याकडे ओएलईडी मॉनिटर किंवा टीव्ही आहे त्यांनी आज घरी जाऊन वॉरंटी कार्डावरची ती एक ओळ शोधा आणि तिचा फोटो इथे टाका. नाव-पत्ता, सीरियल नंबर झाकून. दहा-पंधरा जमले तर ओरोसला माझ्या तक्रारीसोबत जोडतो.